धाब्याच्या घरावर नेटचा खांब बसवू का? हिंगोलीच्या धक्क्यांनंतर पडलेला प्रश्न

सेवाकेंद्र_उमरखेड

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, केवायसी, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, अंगठा लावून पैसे काढून देणं, हे सगळं माझ्या एका खोलीतून चालतं. गावात बँक नाही. नेट बंद पडलं की निराधारचे पैसे घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाया दिवसभर ओट्यावर बसून राहतात आणि तशाच परत जातात. म्हणून हा प्रश्न फक्त माझ्या धंद्याचा नाही.

खोली म्हणजे जुन्या घराचा रस्त्याकडचा भाग. आजेसासऱ्यांच्या वेळची दगड-मातीची भिंत, दोन फुटांच्या वर जाड. वर सागवानी मयाली, म्हणजे आडव्या तुळया, आणि त्यांवर मातीचं धाबं. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची आमच्या घरची रीत आहे, त्यामुळे थर वाढतच गेला. मागच्या दोन खोल्या विटांच्या, वर टिना.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या पुढे हिंगोलीकडून भूकंपाचे लागोपाठ दोन धक्के आले, ४.५ आणि ३.६ चे. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. त्या वेळी मी खोलीत होते. मॉनिटर हलायला लागला, मयालींच्या फटीतून मातीचा चुरा कीबोर्डवर पडला आणि मी सासूबाईंचा हात धरून बाहेर पळाले. पडलं काहीच नाही. पण रस्त्याकडच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारा एक तडा आहे, तो आधीचा की नंतरचा ते सांगता येत नाही. त्याच भिंतीला मधोमध पोट आल्यासारखं दिसते.

आता घरात तीन गोष्टी एकदम निघाल्या आहेत. आमचे हे म्हणतात धाबं काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. गावचे मिस्त्री म्हणतात, "भूकंपाच्या नकाशावर आपण झोन दोनमध्ये, कमी धोक्याच्या पट्ट्यात येतो, इथं काही होत नाही, बिनधास्त टाका." सासूबाईंना धाबंच पाहिजे, कारण मे महिन्यात टिनाखाली बसवत नाही. आणि वायरलेस नेट देणारा एक जण म्हणतो, तुमच्या घरावर तीस फुटी पाइप उभा करू द्या, मी तुम्हाला नेट फुकट देतो. त्याचे ताण, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या तारा, तो धाब्याच्या कठड्याला बांधणार आहे.

सध्या माझं नेट ग्रामपंचायतीच्या फायबरवरून येतं. त्याची पेटी जुन्या चावडीत, तशाच दगडी भिंतीवर ठोकलेली आहे.

कोणी जाणकार असेल तर सांगा, आधी काय करावं? घर आधी की नेट आधी, हेच ठरत नाही.

पुसदचा_गवंडी

ताई, आधी स्लॅबचं काम थांबवा. मिस्त्रीला वाईट वाटलं तरी चालेल.

झोन दोनचं बोलणं मी पुष्कळांकडून ऐकतो. १९९३ पर्यंत किल्लारी नकाशावर झोन एकमध्ये होती, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. गणपती बोळवून लोक झोपले होते. सात हजारांच्या वर माणसं गेली, काही नोंदी दहा हजारांच्या जवळ जातात. भूकंप सहाच्या थोडा वरचा होता. २००१ च्या भूजपेक्षा कितीतरी लहान. एवढ्या लहान भूकंपात एवढी माणसं काऊन गेली? घरांमुळं. २००२ मध्ये तो झोन एकच नकाशातून काढून टाकला. झोन म्हणजे आजवर जे कळलं त्यावरून बांधलेला अंदाज आहे. तुमच्या भिंतीत काय भरलंय ते त्याला माहीत नसते.

किल्लारीनंतर पुनर्वसनाच्या कामाला गवंडी पाहिजेत म्हणून आमच्याकडून पुष्कळ पोरं औशाकडे गेली, त्यात मीही होतो. तिथं पडलेल्या भिंती हातानं उपसल्या, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो. दोन फुटी भिंत बाहेरून भक्कम दिसते, पण ती एक भिंत नसते. बाहेर एक थर, आत एक थर, मधे चिपा, खडी, माती. टाके न घातलेल्या गोधडीसारखं. हादरा बसला की बाहेरचा थर रस्त्यावर पडते आणि आतला थर झोपलेल्या माणसावर. मग वरचं माळवद, म्हणजे तुमचं धाबं, सरळ खाली येते. जिथं लाकडी खांब आणि तुळया घट्ट जोडलेल्या होत्या तिथं भिंती पडूनही छत उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या मयाली खांबांवर आहेत की भिंतीवर टेकल्या आहेत, ते आज जाऊन पाहा. यावर पुष्कळ काही ठरते.

वजनाचा हिशेब करा. दहा बाय बाराची खोली धरली तं एक फूट मातीचं वजन पाच टनांच्या वर जाते. पावसानं भिजली की आणखी. पाच इंची स्लॅबचं वजन त्याच खोलीवर साडेतीन टनांच्या आसपास येईल. म्हणजे नुसत्या वजनानं पाहिलं तं स्लॅब हलकाच, आणि तुमचे मालक याच हिशेबानं बोलत असतील. पण तो ठेवणार कशावर? मातीच्या सांध्यावर रचलेल्या दगडांवर, तेही पोट आलेल्या भिंतीवर. जमीन आडवी हलली की स्लॅब एका बाजूला ओढते, भिंत दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना धरून ठेवणारं मधे काहीच नसते. अख्खा स्लॅब एका तुकड्यात खाली येते. मातीच्या ढिगातून माणूस ओढून काढता येते, स्लॅबखालून गावातल्या माणसांच्या हातानं निघत नाही. स्लॅब टाकायचाच असेल तं खांब-बीमचा सांगाडा जमिनीपासून उभा करा किंवा पट्ट्यांची नवी भिंत बांधा. जुन्या भिंतीवर नाही.

पोट आलं म्हणजे दोन थर एकमेकांपासून सुटायला लागले. हे काम पहिलं. आरपार दगड, ज्याला आम्ही हेडर म्हणतो, तो भिंतीत आहे का ते पाहा. नियमाप्रमाणे उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्यात चार फुटांच्या आत एक तरी पाहिजे. जुन्या भिंतीत बहुतेक सापडत नाहीत. मग ते नव्यानं घालता येतात. एक दगड हळू सैल करून काढायचा, सब्बलीनं दणके देऊन नाही, मागचा थर कोसळेल. आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. एका दिवशी एका रांगेतली सगळी भोकं पाडू नका. एक सोडून एक करा. मात्र पोट फार असेल, ओळंबा लावल्यावर दोन-तीन इंच फरक दिसला, तं तेवढा भाग टेकू लावून उतरवा आणि पुन्हा रचा. ते शिवून भागत नाही.

दुसरं म्हणजे पट्टा. नवं बांधताना जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा घरभर फिरवतात. तीन इंच जाडीच्या पट्ट्यात दोन सळ्या, सहा इंची असला तं चार. कोपऱ्यात सळ्या कापून सोडायच्या नाहीत, वळवून पलीकडे दीड-दोन फूट न्यायच्या. माणसं इथंच कामचुकारपणा करतात आणि घर कोपऱ्यातूनच उघडते. तुमच्या जुन्या घरात काँक्रीटचा पट्टा आत घालता येणार नाही. त्याऐवजी खिडकीच्या माथ्याच्या उंचीवर भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वेल्डेड जाळीची पट्टी लावायची, आतली आणि बाहेरची जाळी आरपार सळईनं बांधायची आणि वर सिमेंट मारायचं. कोपऱ्यावरून फिरवायचीच. पूर्ण भिंतीला मात्र सिमेंटचं प्लास्टर करू नका. मातीची भिंत आत ओल धरते आणि आतून भुसभुशीत होते. बाकी भिंत माती-शेणानं किंवा चुन्यानं लिंपा.

छताचं म्हणाल तं धाबं उतरवाच. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, ४५ डिग्रीत टिनाखाली म्हातारं माणूस बसू शकत नाही. तं वर टिना आणि खाली बांबूच्या तट्ट्याचं छत घ्या, मधे वारा खेळायला फूटभर जागा ठेवा. आमच्या नात्यातल्या एका घरी असं केलं, दुपारी माणसं तिथंच झोपतात. टिना जे-हुकनं घट्ट धरा आणि कैच्या, म्हणजे टिना पेलणारे सांगाडे, भिंतीत रोवलेल्या सळयांना बांधा, नाहीतं भूकंपाआधी वावधानच त्या उडवून नेईल.

धाबं उतरवायचं काम होळीनंतर काढा, मृगाआधी संपवा. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत या. एका बाजूची सगळी काढली तं भिंत दुसरीकडे कलते.

सिरोंचा_फायबर

गवंडीभाऊंनी घराचं नीट सांगितलं. मी केबल जोडण्याचं काम करतो, गडचिरोलीच्या टोकाला. माझ्या बाजूचं लिहितो.

४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातला तेलंगणातल्या मुलुगूकडे ५.३ चा भूकंप झाला. गोदावरी ओलांडली की आमचा भाग, त्यामुळे चांगलाच जाणवला. त्यानंतरची गोष्ट तुमच्या कामाची आहे. केबल कुठेही तुटली नव्हती. टॉवरही उभे होते. तरी बराच वेळ फोन लागेना, कारण प्रत्येक जण एकाच वेळी नातेवाइकांना फोन लावत होता. मेसेज मात्र जात होते. गावात एवढं सांगून ठेवा ताई, की धक्क्यानंतर "आम्ही बरे आहोत" एवढा मेसेज टाकायचा आणि लाइन मोकळी ठेवायची. अॅम्ब्युलन्सला ती लागेल.

माझ्या अनुभवात नेट जाण्याचं पहिलं कारण वीज आहे. फायबरच्या काचेतून उजेड जातो, तिला वीज लागत नाही. पण दोन्ही टोकांच्या पेट्यांना लागते. डीपी उडाली, तारा एकमेकींना लागल्या, फीडर बंद झाला की पेटी मेली. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची. नंतर डिझेल घेऊन कोणी आलं नाही तर टॉवरही गप्प. म्हणून तुमच्या खोलीत राउटर आणि फायबरच्या डबीसाठी १२ व्होल्टचा लहान बॅकअप घ्या. कम्प्युटरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. लॅपटॉप आणि ही डबी चालली तरी अंगठ्याचं काम अंधारातही होतं.

दुसरं कारण ओढ. केबल ताणून बांधली असेल तर खांब जरा कलला तरी जॉइंट निखळतो. खांबाजवळ आणि घरात शिरण्याआधी काही मीटर केबल गुंडाळून लूप ठेवायचा असतो. ठेकेदाराची माणसं केबल वाचवायला तो ठेवत नाहीत, हे मी सगळीकडे पाहतो. तुमच्या भिंतीवर चढून पाहा. केबल भिंतीच्या भोकातून सरळ आत आली असेल तर लूप करून घ्या.

आता चावडीतली पेटी. मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते. ग्रामपंचायतीचं फायबर येतं ते भारतनेट या सरकारी योजनेतून, ती २०११ मध्ये मंजूर झाली. कल्पना अशी की फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायचं आणि तिथून गावात वाटायचं. म्हणजे अख्ख्या गावाचं नेट त्या एका पेटीतून जातं. शाळा, आरोग्य उपकेंद्र, तुमचं केंद्र, सगळं. ती पोट आलेल्या भिंतीवर टांगली असेल तर भिंतीबरोबर जाईल. पेटीचा लोखंडी सांगाडा जमिनीच्या काँक्रीटला बोल्टनं घट्ट करा, वरून एक पट्टी छताच्या लाकडाला. बॅटऱ्या सगळ्यांत खाली ठेवा आणि लाकडी पट्टी मारून अडवा, त्या घसरल्या की तारा तोडतात. आणि जमलं तर पेटी चावडीतून हलवून शाळेच्या नव्या इमारतीत न्या. ग्रामसभेत ठराव घ्या आणि लेखी अर्ज करा. स्वतः उचलून नेऊ नका, फायबरचा सांधा मोडला तर पंधरा दिवस कोणी फिरकणार नाही.

घरावरच्या पाइपबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नाही म्हणा. पाइप हलका असतो, पण ताण कठड्याला बांधले की वारा रोज तो कठडा ओढत राहतो. भूकंपात सगळ्यांत आधी कठडाच पडतो आणि तो तुमच्या ओट्यावर, रांगेत बसलेल्या बायांवर पडेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीत मोठे भूकंप झाले तेव्हा इमारतींच्या गच्चीवरचे पुष्कळ टॉवर इमारतींबरोबर गेले. ज्या वेळी ढिगाऱ्याखालच्या माणसाला फोन लागायला हवा, नेमकं त्याच वेळी नेटवर्क नाही. पाइप हवाच असेल तर अंगणात वेगळा पाया घेऊन उभा करू द्या, घरापासून त्याच्या उंचीइतका दूर. अर्थिंग वेगळी पाहिजे. आपल्याकडे भूकंपापेक्षा वीज पडून जास्त उपकरणं जळतात.

फुकट नेटला मात्र लगेच नकार देऊ नका. ग्रामपंचायतीचं फायबर एका वाटेनं येतं आणि वायरलेस दुसऱ्या वाटेनं येत असेल, तर एक गेलं तरी दुसरं राहतं. एकाच वाटेवर सगळं असण्याचा धोका मोठ्या प्रमाणावरही दिसला आहे. २६ डिसेंबर २००६ ला तैवानजवळच्या भूकंपात समुद्राखाली चिखलाचे लोट वाहिले, त्यांनी नऊ केबली तोडल्या आणि आशियातल्या कित्येक देशांचं नेट आठवडेच्या आठवडे मंद राहिलं. जहाजांनी एकेक तुकडा वर काढून जोडला. आपल्या तालुक्यात तेच काम रस्त्याचं खोदकाम करणारा जेसीबी करतो. त्या माणसाला विचारा, तुमची लिंक कुठून येते? तीही तालुक्याच्या त्याच फायबरवरून येत असेल तर दुसरी वाट म्हणून तिचा उपयोग नाही.

वाशीम_शाळामास्तर

तड्याबद्दल थोडं. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यानंही असेच तडे जातात. तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहा. जूनपर्यंत काच तुटली आणि पावसाळ्यात तडा मिटला तर तो जमिनीचा खेळ. धक्क्यानंतर काच तुटली आणि तडा तसाच राहिला, तर गवंडीदादा म्हणतात ते काम टाळू नका. खरं सांगायचं तर पोट आलं आहे म्हणता, म्हणजे काचेची वाट पाहण्यातही अर्थ नाही.

अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाची सूचना २०२३ पासून भारतात मिळते. सेटिंगमध्ये चालू करा, पण तिच्या भरवशावर राहू नका. हिंगोलीतल्या कळमनुरीकडून तुमच्या गावापर्यंत धक्का यायला दहा-बारा सेकंद पुरतात. एवढ्या वेळात सूचना आली तर आली. शाळेत आम्ही मुलांना एकच शिकवतो, विटांच्या किंवा स्लॅबच्या पक्क्या खोलीत असाल तर बाकाखाली, दगडी जुन्या घरात दाराजवळ असाल तर बाहेर, आणि बाहेर गेल्यावर भिंतीपासून लांब.

सेवाकेंद्र_उमरखेड

सगळ्यांचे मनापासून आभार. आज यांना घेऊन खोली तपासली. मयाली भिंतीवरच टेकल्या आहेत, मधे एकच खांब आहे. ओळंबा लावला तर पोटाच्या जागी दीड इंच फरक आला. वर चढून कुदळीनं एका कोपऱ्यात माती उकरली तर थर दीड फुटाच्या आसपास निघाला. हे पाहून आमचे हे गप्पच झाले. स्लॅबचा विषय संपला.

पाइपवाल्याला विचारलं. त्याची लिंक नांदेडकडून येते, तालुक्याच्या फायबरवरून नाही. अंगणात पाया घ्यायला तो तयार आहे, पण खर्च अर्धा मागतो. तो मी देईन. पेटी हलवण्याचा अर्ज सरपंचताईंकडे दिला आहे.

केंद्र उद्यापासून मागच्या विटांच्या खोलीत नेते. जागा लहान आहे, पण लोकांना त्या भिंतीखाली बसवायला आता मन होत नाही. गवंडीभाऊ, एक विचारायचं राहिलं. धाबं उतरवायला अजून वेळ आहे, तोपर्यंत सासूबाई समोरच्याच खोलीत झोपायचं म्हणतात. काही तात्पुरतं करता येईल का?

पुसदचा_गवंडी

त्यांना समजावून मागे न्या ताई. दीड फूट माती म्हणजे आठ टन. ऐकल्याच नाहीत तं मधल्या खांबाजवळ भक्कम लाकडी पलंग ठेवा, पोट आलेल्या भिंतीच्या विरुद्ध बाजूला, दाराच्या वाटेत काही ठेवू नका आणि दाराला आतून कुलूप नको, नुसती कडी.

मयालींखाली, भिंतीपासून हातभर आत, दोन्ही बाजूंनी बल्ल्यांचे टेकू लावून घ्या. प्रत्येक मयालीला दोन्ही टोकांशी एकेक. बल्लीखाली फळी ठेवा, नाहीतं ती मातीत रुतते. वर मयालीला लोखंडी पट्टी आणि खिळ्यानं धरा, दोन बल्ल्यांमधे तिरपी पट्टी ठोका म्हणजे त्या आडव्या पडणार नाहीत. भिंत गेली तरी छत थोडा वेळ तरी त्यांच्यावर राहील आणि माणूस बाहेर निघेल. हे दोन दिवसांचं काम आहे, याच आठवड्यात करा. आणि यंदा धाब्यावर नवी माती टाकू देऊ नका. गळत असेल तं ताडपत्री टाका.

भिंतीचे फोटो इथं टाका, चारही कोपऱ्यांचे आतून आणि बाहेरून. हेडर कुठं कुठं घ्यायचे ते मी खुणा करून देतो.